तिसऱ्या फेरीचा टॉवेल

गिऱ्हाइकाच्या मानेमागे छोटा आरसा धरायचा, आधी डावीकडून दाखवायचा, मग उजवीकडून, आणि म्हणायचं, "झकास!" मामांनी एकेचाळीस वर्षं हेच केलं. माथ्यावर मोजून वीस केस उरलेले असोत, नाहीतर नवरदेवाचं दाट जंगल असो, मामांच्या तोंडून दुसरा शब्द कधी निघाला नाही. त्यांची मुलगी लहानपणी दुकानातल्या बाकावर बसून अभ्यास करायची. तिने या प्रकाराला नावच ठेवलं होतं, आरशातलं खोटं.

"खोटं कसलं गं त्यात?" मामा म्हणायचे. "माणूस खुर्चीतून उठताना खूश होऊन उठला पाहिजे. घरी जाऊन बायको खरं सांगतेच की."

मामा म्हणजे कुणाचे सख्खे मामा नव्हेत. दुकानासमोरच्या रस्त्यावर राहणाऱ्या दोन पिढ्यांचे केस त्यांनी कापले, आणि त्यातल्या निम्म्या पोरांनी पहिल्या कटिंगला त्यांच्या खुर्चीत बसून भोकाड पसरलं. रडणाऱ्या पोराला काहीतरी नातं सांगावं लागतं, म्हणून ते मामा झाले आणि मग सगळ्यांचेच झाले. अशा पोरांसाठी आया लांबून यायच्या. मामांची पद्धत अगदी साधी होती. डोक्यामागे कात्री घेऊन धावायचं नाही. पोराच्या हातात कंगवा द्यायचा, खुर्ची आरशाकडे वळवायची आणि गप्प उभं राहायचं. पोरगं आरशात बघण्यात गुंतलं की डोकं आपोआप जागेवर येतं. मामांनी कुणाही पोराची मान जबरदस्तीने धरली नाही, याचा त्यांना मनातून फार अभिमान होता.

मग मामांचा हात थरथर कापायला लागला. आधी चहाचा कप बशीवर वाजायला लागला, ते मामांनी हसण्यावारी नेलं. पण गेल्या वर्षी शाळेतल्या एका जुन्या मास्तरांची दाढी करताना वस्तरा निसटला आणि हनुवटीला चांगला बोटाच्या पेराएवढा काप गेला. मास्तर कापसाचा बोळा दाबून धरत म्हणाले, "काही नाही हो मामा, होतं असं." एकेचाळीस वर्षांत त्या दिवशी पहिल्यांदा गिऱ्हाईक मामांशी खोटं बोललं. मामांनी त्याच संध्याकाळी वस्तरा पुसून खणात ठेवला, मोठ्या खुर्चीवर चादर टाकली आणि काचेचा दरवाजा आतून लावून घेतला. राहती जागा दुकानाच्या मागेच होती, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि बाजूने रस्ता दिसेल अशी एक गॅलरी. पण त्यानंतर मामा दुकानात पाऊल टाकायचं झालं तरी काहीतरी निमित्त काढून टाळायचे. त्या दिवसापासून त्यांच्या हातात कुणी धारदार तर सोडाच, काचेचंही काही देत नव्हतं.

आणि आता त्याच हातात पाच महिन्यांची ठकी द्यायची होती.

ठकी म्हणजे मामांची नात. कागदोपत्री नाव वेगळं होतं, पण गोल डोकं, गोल पोट आणि चिंधीच्या बाहुलीसारखे कुठेही वळणारे हातपाय बघून मामांनी पहिल्याच दिवशी ठकी म्हटलं आणि ते चिकटलं. तिचा बाप जहाजावर होता. तो चार महिन्यांनी यायचा आणि तोवर फोनवर दिसायचा. तिची आई, म्हणजे मामांची मुलगी, शहराच्या बसवर ड्रायव्हर होती. ही नोकरी तिने दोनदा परीक्षेत नापास होऊन, तिसऱ्यांदा पास होऊन मिळवली होती. तिची बस मामांच्या दारावरूनच जायची. स्टॉप रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला होता, त्यामुळे बस थांबली की ड्रायव्हरची खिडकी बरोबर दुकानासमोर यायची. रजा संपत होती. सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं आणि डेपोच्या साहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "बाई, एकदा गाडी ताब्यात घेतलीत आणि मध्येच सोडून गेलात, तर परत स्टिअरिंग मिळणार नाही. ऑफिसात टेबलावर बसावं लागेल."

तिला टेबलावर बसायचं नव्हतं. तिने ते बोलूनही दाखवलं नाही, पण रजेत असतानासुद्धा ती गॅलरीत उभी राहून प्रत्येक बसचा ब्रेक कसा लागतो ते ऐकायची आणि "कोण चालवतोय हा, दगड!" असं पुटपुटायची. मामांना सगळं कळत होतं.

अडचण एकच होती. ठकी बाटलीला तोंड लावत नव्हती.

सोमवारच्या आधी दहा दिवस घरात दुसरा विषय नव्हता. मुलगी स्वतःचं दूध काढून फ्रिजमध्ये ठेवायची, मामा ते भांड्यातल्या कोमट पाण्यात ठेवून ऊन करायचे. यात मात्र त्यांचा हात कुणी धरला नसता. जन्मभर गरम टॉवेल मनगटावर टेकवून पाहिलेला माणूस, दूध किती ऊन हवं ते त्यांना एका थेंबात कळायचं. पण पुढे सगळं ओमफस्. आईने बाटली पुढे केली की ठकी एकदा बाटलीकडे बघायची, एकदा आईकडे बघायची आणि सरळ आईच्या कुशीत तोंड खुपसायची. समोर ताटात गरम जेवण वाढलेलं दिसत असताना डबा कोण उघडून खाईल? वाटी-चमचा करून पाहिला. चार थेंब आत गेले, चाळीस दुपट्यावर सांडले.

शेवटी दवाखान्यातल्या नर्सबाईंना विचारलं. बाई हसल्या. "तुम्ही खोलीत असाल तर ती बाटली कशाला घेईल? तुम्ही बाहेर जा. आजोबा, तुम्ही पाजा. तिला आडवी पाडू नका, जरा बसती धरा. तोंडात कोंबू नका, नुसतं ओठाला लावून थांबा."

"समजलं," मामा म्हणाले. त्यांना समजलं होतंही. पण डोक्याला समजणं वेगळं आणि हातांना समजणं वेगळं. मामांचे हात एकेचाळीस वर्षं एकच गोष्ट करत आले होते. माणूस पुढ्यात आला की त्याचं डोकं मागे टेकवायचं, अंगठा हनुवटीखाली लावायचा आणि गळा वर करायचा. ठकी मांडीवर आली की डावा हात तिच्या डोक्याखाली जायचा, डोकं मागे झुकायचं, अंगठा हनुवटीला लागायचा आणि मामा अगदी मन लावून एका इवल्याशा गिऱ्हाइकाची दाढी करायला बसल्यासारखे बसायचे. अशा मानेत दूध गेलं की ठसकाच लागणार. ठकीला ठसका लागायचा, ती लालबुंद व्हायची आणि आकांत करायची. मामांना वाटायचं, आपला हात कापतो म्हणून ती घाबरते.

मुलगी त्या वेळी बाहेर पायरीवर बसलेली असायची. आत ठकी रडली की तिच्या अंगावरून दूध आपसूक वाहायचं आणि कुर्ता भिजायचा. मग ती आत येऊन ठकीला घ्यायची. मामा बाटली घेऊन स्वयंपाकघरात जायचे आणि उगाचच बराच वेळ ती धूत राहायचे. स्वतःच्या मुलीला त्यांनी कधी पाजलं नव्हतं, भरवलं नव्हतं. बायको होती तोवर ते खातं तिचं होतं. आता ती नव्हती आणि विचारावं असं दुसरं कुणी नव्हतं.

रविवारी संध्याकाळी मुलगी म्हणाली, "बाबा, गाडी चालवताना फोन घेता येत नाही. पण उद्या माझ्या तीन फेऱ्या आपल्या दारावरून आहेत. नऊ दहा, साडेदहा आणि अकरा पन्नास. ती प्यायली की दुकानाच्या दांडीवर पांढरा टॉवेल लावा. तिसऱ्या फेरीला टॉवेल दिसला नाही, तर बारा वाजता शेवटच्या स्टॉपवर बदली ड्रायव्हर येतो, त्याच्या ताब्यात गाडी देऊन मी येईन."

"आणि साहेब?"

"साहेबांचं काय ते मी बघेन. पोर उपाशी ठेवून मी गाडी नाही चालवणार."

मामांनी मान डोलावली. दुकानाबाहेरची ती दांडी ओले टॉवेल वाळत घालायचीच होती. वर्षभर तिच्यावर फक्त चिमण्या बसत होत्या.

सोमवारी सव्वासातला ठकीला पोटभर पाजून मुलगी निघाली. दारात तीनदा मागे फिरली. एकदा पाण्याची बाटली राहिली म्हणून, एकदा टोपी राहिली म्हणून आणि एकदा काहीच राहिलं नव्हतं तरी. नऊ दहाला ती गेली तेव्हा ठकी नुकतीच झोपून उठली होती, भूक नव्हती, त्यामुळे टॉवेल नाही यात काही विशेष नव्हतं. मामांनी गॅलरीतून ठकीचा हात धरून हलवला. बस निघाली. ब्रेक अगदी मऊ सुटला.

दहा वाजता ठकीला भूक लागली. मामांनी दूध ऊन केलं, मनगटावर थेंब पाडला, देवाचं नाव घेतलं आणि बसले. डोकं मागे, अंगठा हनुवटीला. ठकीने तोंड फिरवलं. मामांनी बाटली तिकडे नेली. तिने इकडे फिरवलं. बाटली इकडे आली. मामा सरळसरळ त्या डोक्यामागे धावत होते, पण ते त्यांच्या लक्षात यायला आणखी दीड तास जायचा होता. सव्वादहाला ठसका, वीसला आकांत. पंचवीसला मामांच्या शर्टावर दूध, चष्म्यावर दूध आणि ठकीच्या पोटात शून्य.

साडेदहाला पाच मिनिटं होती. मामांच्या डोळ्यांसमोर मुलगी आली. भरलेली बस, पन्नास-साठ माणसं, हातात ते भलंमोठं चाक आणि नजर रिकाम्या दांडीवर. तिचा जीव टांगणीला लागलेला. अशा मनाने तिने गाडी चालवायची? मामांना ते बघवेना. रडणारी ठकी खांद्यावर टाकून ते मधल्या दाराने दुकानात शिरले, कपाटातला पांढरा टॉवेल काढला, काचेचा दरवाजा उघडून तो दांडीवर टाकला आणि झटकन आत येऊन भिंतीआड उभे राहिले.

बस आली, थांबली. हॉर्न दोनदा हलकेच वाजला. बस गेली.

मामांनी एकेचाळीस वर्षांत हजारोंना आरसा दाखवला होता, पण त्यात कुणाचं नुकसान नव्हतं. हे तसलं नव्हतं. आता तिसऱ्या फेरीला ती निश्चिंतपणे निघून जाणार, दुपारी चारपर्यंत येणार नाही आणि ठकी उपाशी. आईला आपण खुशाल सांगून टाकलं की लेक प्यायली. "मूर्ख म्हाताऱ्या," मामा स्वतःला मोठ्याने म्हणाले. ठकी क्षणभर रडायची थांबली आणि तिने त्यांच्याकडे पाहिलं. तिचंही तेच मत असावं.

पुढचा तास त्यांनी ठकीला खांद्यावर घेऊन घरभर येरझाऱ्या घातल्या. ती रडून रडून दहा मिनिटं झोपली, पुन्हा उठली, पुन्हा रडली. त्यांनी आणखी दोनदा बाटली देऊन पाहिली. आता तर नुसती बाटली दिसली तरी ती अंग ताठ करायची. अकरा पस्तीसला मामांनी हात टेकले. त्यांनी जाऊन दांडीवरचा टॉवेल काढला. तिला खरं दिसू दे. येऊ दे तिला. टेबलावर बसावं लागलं तर बसेल, वर्षभर आपल्याशी बोलली नाही तर नाही बोलणार, पण पोर उपाशी राहायला नको. टॉवेल काढताना त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते त्याच टॉवेलला पुसले.

आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पाय दुखत होते. त्यांनी मोठ्या खुर्चीवरची चादर एका हाताने ओढून खाली टाकली आणि वर्षानंतर तिच्यात बसले. उभं राहून जन्म गेलेल्या माणसाला त्या खुर्चीत नीट कसं बसायचं हेही ठाऊक नव्हतं. ते ताठ बसले. ठकीला त्यांनी मांडीवर पुढे तोंड करून बसवलं, पाठ आपल्या पोटाला टेकवून, कारण आता पाजायचं नव्हतंच. बाटली हातात राहिली होती, ती तशीच तिच्या पोटाजवळ धरलेली.

समोर आरसा होता. आरशात एक गोल डोक्याची रडवेली बाई बसली होती आणि तिच्या मागे एक दमलेला म्हातारा. ठकीने हुंदका गिळला. आरशातल्या बाईनेही गिळला. ठकीने डोकं एका बाजूला केलं. तिनेही केलं. आता हे प्रकरण नीट तपासून पाहायला हवं, अशा चेहऱ्याने ठकी पुढे झुकली.

मामांनी आरशात पाहिलं. हे डोकं त्यांना ओळखीचं होतं. अशी शेकडो डोकी याच खुर्चीत, याच आरशासमोर आपणहून जागेवर आली होती. डोक्यामागे धावायचं नाही. मग दहा दिवस आपण करत काय होतो? त्यांचं लक्ष आरशातल्या आपल्या डाव्या हाताकडे गेलं. तो आताही सवयीने ठकीच्या कपाळाकडे निघाला होता, डोकं मागे टेकवायला. मामांनी तो हात तिथल्या तिथे खाली घेतला आणि तिच्या पोटाभोवती धरला.

त्यांनी बाटली थोडीशी वर केली. तोंडाकडे नेली नाही, नुसती ओठाच्या जवळ आणून ठेवली. हात कापत होता, निपल तिच्या खालच्या ओठाला लागत होतं, सुटत होतं, पुन्हा लागत होतं. मामा थांबले. ठकी आरशात बघत होती. तिने दोन्ही हातांनी बाटली धरली, कारण त्या वयात हाताशी आलेली प्रत्येक गोष्ट तोंडात घालायचीच असते, आणि ओढून तोंडात घातली. एकदा चावली. चेहरा वाकडा केला. मग गप्प झाली.

आणि मग बाटलीत बुडबुडा वर आला.

मामांनी आयुष्यात इतकी सुंदर गोष्ट पाहिली नव्हती. एक बुडबुडा, मग दुसरा. ठकी गटागट पीत होती, नाकाने फूं फूं आवाज करत. मामांच्या हातामुळे बाटलीतलं दूध सारखं थरथरत होतं. तिला त्याचं काहीही पडलं नव्हतं.

एवढ्यात रस्त्याच्या टोकाशी बसचा आवाज आला.

अकरा पन्नास. मामांनी दाराकडे पाहिलं. टॉवेल खुर्चीच्या पाठीवर पडला होता आणि दांडी रिकामी होती. उठावं, तर ठकी बाटली सोडेल आणि पुन्हा घेईल याचा काय भरवसा? ओरडावं, तर ती दचकेल. न उठावं, तर बारा वाजता गाडी दुसऱ्याच्या ताब्यात जाईल. बस समोर येऊन थांबली. खिडकीत मुलगी दिसली. तिने पहिल्यांदा दांडीकडे पाहिलं. टॉवेल नव्हता. मघाशी होता आणि आता नव्हता. तिचा चेहरा खर्रकन उतरला, ते मामांना आरशातून, इतक्या लांबून दिसलं. तिने मान वळवून समोर पाहिलं आणि टोपी काढून बाजूला ठेवली.

मामांचा उजवा पाय आपोआप खाली गेला. हातात कात्री-कंगवा असला की मामा खुर्ची पायानेच फिरवायचे, आणि पाय कापत नव्हता. त्यांनी जमिनीला हलकेच रेटा दिला. वर्षभर तेल न घातलेली खुर्ची एकदा कुरकुरली आणि मग गिऱ्हाइकाला फिरवतात तशी, ठकीची मान जराही न हलता, आरशाकडून रस्त्याकडे फिरली.

काचेच्या दारात ठकी आणि तिची बाटली लख्ख उजेडात आली.

मुलीने गिअर टाकण्याआधी एकदा, उगाचच, इकडे पाहिलं. पाहतच राहिली. तिने हात तोंडावर नेला. मागे गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले, बसमधल्या दोघा-तिघांनी कशासाठी थांबलो म्हणून माना वर केल्या, पण बस हलली नाही. मामांचे दोन्ही हात गुंतलेले होते, म्हणून त्यांनी नुसते ओठ हलवले. "झकास." रस्त्यापलीकडून तिला तो शब्द वाचता आला, कारण तो तिने लहानपणी बाकावर बसून हजार वेळा ऐकला होता. तिने टोपी उचलून डोक्यावर घातली, डोळे बाहीने पुसले आणि बस पुढे काढली.

चारनंतर ती घरी आली ती धावतच. ठकीने तिला पाहिलं आणि बाटलीशी आपली काही ओळखच नसल्यासारखी तिच्या अंगावर झेप घेतली. पाजता पाजता मुलगी म्हणाली, "बाबा, साडेदहाला ती प्यायली नव्हती ना?"

मामांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "नव्हती. तुला कसं कळलं?"

"टॉवेल होता, पण तुम्ही नव्हतात. खरंच प्यायली असती तर तुम्ही नाचत रस्त्यावर आला असतात."

"मग लगेच का नाही आलीस?"

"म्हटलं, बाबा खोटं बोलतायत, म्हणजे अजून हरलेले नाहीत. तिसरी फेरी बघावी."

मामांनी हात मांडीखाली दाबून धरला, कापताना दिसू नये म्हणून. मुलीने तो हात ओढून बाहेर काढला आणि आपल्या हातात घेतला. ठकी मधेच दूध सोडून दोघांकडे बघून हसली आणि पुन्हा प्यायला लागली.

"एक सांगू?" मुलगी म्हणाली. "ती बाटलीतून पितेय हे पाहिलं, तेव्हा फार बरं वाटलं. आणि थोडंसं वाईटही वाटलं हो. माझ्यावाचून तिचं भागलं ना."

"अगं, नाइलाजाने प्यायली ती," मामा म्हणाले. "तोंड वाकडं करून. दुसरं काही नव्हतं म्हणून."

"बाबा."

"बरं, गटागट प्यायली. सगळी संपवली. आरशात बघून ढेकर दिला."

मुलगी हसली आणि हसता हसता रडली. मामांनी तिला रडू दिलं. थोड्या वेळाने तिने नाक ओढलं आणि ठकीला दुसऱ्या बाजूला घेत म्हणाली, "उद्या टॉवेल नका लावू, बाबा. खुर्चीच फिरवा."